एक मिनिट पुढे

उंच की बुटका, हा वाद आता पुरे करा. संध्याकाळपासून ऐकतोय, कान किटले माझे. सकाळी रेडिओचे दोन्ही खांब उभे करा, मोजा, काय यायचं ते येईल. पण मोजायच्या आधी एक गोष्ट ऐकून घ्या. तो दिवा जरा बाजूला सरकव रे, डोळ्यांवर येतोय. आणि दार लोटून घे.

ही कुठून तरी ऐकलेली नाही. ज्यांच्या बाबतीत घडली त्यांच्या दुकानात मी वर्षानुवर्षं बसलोय, त्यांच्या रेडिओच्या खांबाच्या ताणतारा मी स्वतः ओढल्यात. त्यांनी ती मला एकदाच सांगितली आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "आता चहा नको." चहाला नाही म्हणणारा माणूस नव्हता तो. म्हणून माझा विश्वास बसला.

सगळे त्यांना घड्याळजी म्हणायचे. आपणही तेच म्हणू. अंगानं बुटके. दुकानातल्या स्टुलावर बसले की पाय अधांतरी. पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. भिंतभर घड्याळं, डोळ्याला भिंग, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक पैसे देऊन वर माफीही मागून जाई. त्यांची एक रीत होती, वडिलांपासूनची. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देताना काटा मिनिटभर पुढे ठेवायचा. म्हणायचे, "मागे पडलेलं घड्याळ दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन परत येतं. पुढे गेलेल्याला कोणी नावं ठेवत नाही." ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की हात आपोआप जायचा. श्वास घेताना आपण विचार करतो का? तसं.

आता त्यांचे साडू. धाकट्या मेहुणीचा नवरा. नळकाम करायचा. सहा फुटांच्या वर, दारातून आत येताना वाकणारा. त्याला सगळे लंबू म्हणायचे, तोही हाकेला ओ द्यायचा. बोलणं कमी, हसणं जास्त. खिशात कायम पाना, आणि अंगठ्याला नळाच्या आट्यांना लावतात तो पांढरा सफेदा. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो सफेदा दिसतो, खोटं नाही.

दोघांना नाद एकच. हौशी रेडिओ, तोही सगळ्यात खालच्या पट्ट्यातला, जिथं एकेक लाट दोन किलोमीटरहून लांब असते. तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्या लाटेपुढे तुमचा खांब कितीही वाढवा, हत्तीपुढे मुंगीच. पण मुंग्यांमध्येही थोरली-धाकटी असतेच. घड्याळजींनी आपल्या अंगणात चोवीस मीटरचा खांब उभा केला. सगळ्या गल्लीनं मान वर करून बघितला. लंबूनं कामावरून उरलेल्या पाइपांचे तुकडे जोडून आठ मीटरचा केला, डोक्यावर तारांची छत्री बांधली, खाली बादलीएवढी कॉइल. गावाच्या दुसऱ्या टोकाला.

सासरे मिश्कील होते. कुणी घरी आलं की दोघांना शेजारी उभं करायचे आणि सांगायचे, "माझे दोन जावई. एकाची उंची अंगात, दुसऱ्याची अंगणात." सगळे हसायचे. लंबू सगळ्यात मोठ्यानं. घड्याळजी हसायचे, पण त्या हसण्यानं त्यांचं रक्त आटायचं.

एकदा ठरलं, मोजूनच टाकू. दोघांचे सेट सारखे, ताकद सारखी. सम मिनिटाला उंच खांबावरून सूर सोडायचा, विषम मिनिटाला बुटक्यावरून. एक थांबला की दुसरा. आणि लांब बंदरावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे, जन्मभर बोटीवर रेडिओ ऑफिसर होते, बोटकाका म्हणायचे त्यांना. ते तिथं ऐकणार आणि कोणतं मिनिट जोरात येतं तेवढंच सांगणार. कुठलं मिनिट कुणाचं, हे त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. वेळ चुकायला नको म्हणून घड्याळजींनी दोन टेबलघड्याळं आणली, जुळी. पितळी चौकट, पुढे काचेचं दार. दोन्ही स्वतः साफ केली, स्वतः लावली, एक आपल्याकडे ठेवलं, एक लंबूला दिलं. "भेट समज," म्हणाले. "हरल्यावर रडायला वेळ कळेल."

रात्री मोजणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांकडे सगळे जमलेले. बोटकाकांचा फोन आला. सासऱ्यांनी घेतला, ऐकलं, आणि फोन ठेवून असे हसायला लागले की ठसका लागला. "विषम मिनिटं जोरात! दुप्पट जोरात! अरे, म्हणजे शेवटी उंची अंगातलीच खरी!"

घड्याळजी उठले. तोंड पांढरं पडलेलं.

"ताकद वाढवलीस," ते लंबूला म्हणाले. "मीटरमध्ये गडबड केलीस. दुसरं काही होऊच शकत नाही."

"साडूभाऊ, तुमच्या गळ्याची शपथ, मी बटण दाबलं आणि सोडलं. मला पण हे पटत नाहीये. बुटका खांब उंचाला मारेल कसा? कुठंतरी चूक झालीये. आज रात्री परत करू."

"चोराच्या उलट्या बोंबा! चोराबरोबर मी परत बसत नाही."

चोर. आठ-दहा माणसांसमोर. लंबूची बायको तिथंच भाकरी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. लंबूचं हसू गेलं ते मग कुणी फारसं बघितलं नाही. गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागतो का? नळवाला आणि चोर, दोन शब्द एकत्र आले की संपलं. लोकांच्या घरात जाऊन काम करायचं त्याला. बायका दार उघडताना दागिने आत ठेवायला लागल्या. नुसत्या खांबाच्या वादात म्हटलेला शब्द, पण खांब कोण लक्षात ठेवतो? लोक शब्द लक्षात ठेवतात.

त्यानंतर एक तप अबोला. लंबू दर हिवाळ्यात एकदा दुकानाच्या पायरीशी यायचा. वर चढायचा नाही. "साडूभाऊ, एकदा परत मोजू या. एकदाच." घड्याळजी डोळ्याचं भिंग काढायचे नाहीत. थोडा वेळ उभा राहून तो जायचा. सख्ख्या बहिणी, पण एकमेकींच्या दारात जायची बंदी. थोरलीनं, म्हणजे घड्याळजींच्या बायकोनं, सुरुवातीला भांडून बघितलं, मग रडून, मग तीही गप्प झाली. सासरे गेले, तेव्हासुद्धा दोन जावई दोन कोपऱ्यांत उभे होते.

आणि मागच्या हिवाळ्यात लंबू गेला. कुणाच्या तरी मोरीत नळ बसवत होता, पाना हातातच होता म्हणे. घड्याळजी गेले नाहीत. बायको गेली, न विचारता. बारा वर्षांनी बहिणीच्या गळ्यात पडली ती समोर प्रेत असताना.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घड्याळजी त्या रात्री मला म्हणाले, "गेला, पण कबूल करून नाही गेला." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट.

धाकटी घर सोडून लेकीकडे राहायला निघाली. घर विकलेलं, सोमवारी ताबा द्यायचा. तो खांब, ती कॉइल, जमिनीत पुरलेल्या तारा, कुणाला काय कळणार त्यातलं? थोरली नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जा. उतरवून द्या. आयुष्यात तिच्यासाठी एवढं तरी करा." घड्याळजी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की बायकोनं मान वर करून बघितलं.

कारण त्यांच्या मनात वेगळंच होतं. खांब उतरवायच्या आधी एकदा मोजायचं. आपला सेट नेऊन, आपल्या हातानं. लंबू नाही, त्याचा मीटर नाही. बुटका खांब कमी पडतो ते डोळ्यांनी बघायचं आणि बारा वर्षांपूर्वीची चोरी सिद्ध करायची. मेलेल्या माणसाची चोरी पकडायला निघाले होते, दुसरं काय!

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. आकाशात चंद्र नाही. कडक थंडी, म्हणजे या कामाला उत्तम रात्र. घरच्या टेबलावर त्यांनी जुनं घड्याळ लावलं, काचेच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. बायकोला बटण दाखवलं. "मी फोन केला की सुरू कर. सम मिनिटाला दाबायचं, विषमला सोडायचं. तुझी बहीण चोराच्या घरात नांदली, ते आज कळेल तुला."

"मला कळून काय करायचंय?" ती म्हणाली. पण बसली.

लंबूचं घर रिकामं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग. पाणी तोडलेलं. मागची रेडिओची खोली मात्र तशीच होती. टेबल, खुर्ची, कोपऱ्यात बेसिन, बेसिनखालून भिंतीत जाणारा नळाचा पाइप. आणि टेबलावर ते दुसरं पितळी घड्याळ. बंद. पण पुसलेलं, लखलखीत. रोज कुणीतरी पुसत असावं.

घड्याळजींनी किल्ली दिली, मनगटावरच्या घड्याळावरून काटे लावले. सेट जोडला. मोबाइल उभा केला. आता बोटकाका नाहीत, पण लांबच्या एका कॉलेजनं छपरावर यंत्र ठेवलंय, ते रात्रभर आपलं आपण ऐकतं. कुठलं मिनिट किती जोरात आलं त्याच्या उभ्या रेघा मोबाइलवर दिसतात. घड्याळजी रेघा तेवढ्या बघायचे. मोबाइलमध्ये वेळ बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. शिंप्यानं तयार कपडे घ्यावेत तसं, म्हणायचे.

साडेअकराला बायकोला फोन केला. सुरू.

सम मिनिट ती. विषम मिनिट हे. बटण दाबायचं, समोरच्या मीटरची सुई उभी राहायची, मिनिट संपलं की सोडायचं. पाव तास गेला. घड्याळजींनी चष्मा लावला आणि मोबाइल जवळ घेतला.

विषम मिनिटं उंच. सम मिनिटं बुटकी. दुप्पट.

त्यांनी चष्मा पुसला. परत बघितलं.

तेच.

हसू नका. त्या माणसाच्या जागी बसून बघा. सेट आपला, हात आपला, ताकद आपण मोजलेली. आणि हा पाइपांचा जुडगा परत जिंकतोय. म्हणजे एक तर लंबू चोर नव्हता... किंवा मेल्यावरही फसवत होता. आणि घड्याळजींना, खरं सांगतो, दुसरं पटलं! माणूस आपली चूक सोडून कशावरही विश्वास ठेवतो. भुतावरसुद्धा.

"मेलास तरी खोड जात नाही तुझी," ते मोठ्यानं म्हणाले.

आणि विषम मिनिट आलं म्हणून बटण दाबलं.

सुई उभी राहिली नाही.

अर्ध्यावर आली... आणि थांबली.

आता हे कशानं होतं, तुम्हाला सांगायला नको. बुटक्या खांबाचा सूर फार नाजूक. जवळ माणूस जाऊन उभा राहिला की बिघडतो आणि सुई खाली येते. मांजर गेलं तर थोडी. माणूस गेला तर अर्ध्यावर. उंच माणूस असेल तर...

घड्याळजींनी बटण सोडलं. खिडकीतून बाहेर बघितलं. अंगण काळं. खांबाची नुसती रेघ.

कुणी नव्हतं.

परत दाबलं. परत अर्ध्यावर.

चालू खांबाला हात लागला तर माणूस भाजतो, कॉइलवर हजारो व्होल्ट असतात. म्हणून दोघा साडूंचा पूर्वी एक नियम होता. चांगले दिवस होते तेव्हाचा. आतल्यानं बटण दाबायच्या आधी ओरडायचं, "लांब?" बाहेरचा अंगणातल्या नळाशी उभा राहायचा आणि पाइपावर पान्यानं दोन ठोके द्यायचा. म्हणजे, मी लांब आहे, दाब. ठोके पाइपातून आत बेसिनपर्यंत यायचे.

घड्याळजींच्या तोंडून ते आपोआप गेलं. बारा वर्षांनी.

"लांब?"

शांत.

मग बेसिनखालच्या पाइपात...

टण्.

टण्.

पाणी तोडलेला पाइप. रिकामा. त्यामुळे आवाज जरा पोकळ आला, म्हणाले.

घड्याळजींनी बटण दाबलं नाही. बोट आपोआप दाबलं गेलं. सुई उठली... सरळ उभी राहिली. पूर्ण. कुणीतरी खांबापासून बाजूला झालं होतं.

"कोण आहे?"

काही नाही.

"लंबू?..."

काही नाही.

"काय पाहिजे तुला? सांग ना! तू जिंकलास, झालं समाधान? जिंकलास!"

पाइप गप्प. बाहेर वारा नाही. खोलीत फक्त त्या पितळी घड्याळाची टिकटिक. पाठीमागे, टेबलाच्या त्या टोकाला. घड्याळजी खिडकीकडे तोंड करून उभे.

मग टिकटिक थांबली.

आणि एक आवाज आला. बारीक. तुम्हा-आम्हाला ऐकू आला नसता. घड्याळजींनी जन्मभर तो आवाज ऐकलेला.

काचेचं दार उघडल्याचा.

ते वळले नाहीत. मानेवरचा केस न् केस उभा. हात खिडकीच्या गजावर.

मग दुसरा आवाज. कर्र... कर्र...

काटा फिरवल्याचा. पण उलटा.

घड्याळवाला काटा कधीही मागे फिरवत नाही, लक्षात ठेवा. घड्याळ बिघडतं. पुढे जाऊन गोल फिरवून आणतो, पण मागे नाही. मागे फिरवणारा हात घड्याळवाल्याचा नसतो. तो असतो... कुणाचाही. ज्याला नळाचे आटे उलट-सुलट फिरवायची सवय, त्याचा.

कर्र...

दार मिटलं.

टिकटिक सुरू झाली.

किती वेळ ते तसेच उभे होते, त्यांना सांगता आलं नाही. शेवटी वळले. खोलीत कुणी नाही. खुर्ची जिथल्या तिथं. घड्याळ चालू. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोबाइलमध्ये वेळ बघितली. मग घड्याळात. तंतोतंत.

मग मनगटावर बघितलं. तेही तंतोतंत.

म्हणजे मघाशी हे टेबलावरचं घड्याळ...

त्यांनी आपला उजवा हात दिव्यासमोर धरला. संध्याकाळी घरचं घड्याळ लावलं ते याच हातानं. इथलं लावलं ते याच हातानं. मनगटावरच्या घड्याळात बघून. आणि काटा... काटा सोडताना...

मिनिटभर पुढे. गिऱ्हाइकाला देतात तसा.

दोन्ही घड्याळं एका हातानं लावलेली, म्हणून दोन्ही सारखीच पुढे. आपसात बरोबर, जगाशी चूक. घड्याळजींचं सम मिनिट म्हणजे जगाचं विषम. ते कॉलेजचं यंत्र विषम मिनिटाला जे जोरात ऐकत होतं, तो बुटका खांब नव्हताच. तो त्यांचा स्वतःचा उंच खांब होता! आज. आणि बारा वर्षांपूर्वी, बोटकाकांच्या कानात... तेव्हाही दोन्ही घड्याळं याच हातानं लावलेली. कौतुकानं. भेट म्हणून.

काखेत कळसा म्हणतात तो हा. उंच खांब तेव्हाही जिंकला होता. कुणी चोरी केली नव्हती. कुणी काहीच केलं नव्हतं. एका हातानं सवयीनं काटा सरकवला होता, आणि त्याच हाताचं बोट उचलून घड्याळजींनी दुसऱ्याला चोर म्हटलं होतं.

मोबाइलवर नवी रेघ आली. सम मिनिट. उंच.

मग विषम. त्यांनी बटण दाबलं होतं की नाही, आठवत नाही म्हणाले. पण रेघ आली. बुटकी.

मग सम. उंच.

आता सगळं जसं असायला हवं तसं येत होतं. घड्याळजी बघत राहिले. इथलं घड्याळ मागे आलं, ठीक. पण घरचं? घरचं घड्याळ अजून पुढेच असेल तर दोघांचे सूर एकाच मिनिटाला पडायला हवेत. रेघांची खिचडी व्हायला हवी...

त्यांनी बायकोला फोन लावला.

"तू घड्याळाला हात लावलास?"

"मी कशाला लावू? कुलूप तुम्ही घातलंय. किल्ली तुमच्या खिशात." मग ती म्हणाली, "मघाशी मात्र एक मिनिट दोनदा आल्यासारखं वाटलं मला. म्हटलं डुलकी लागली असेल. अहो... तिथं ठोकतंय कोण?"

घड्याळजींनी खिशात हात घातला. किल्ली होती. फोन बंद केला. अंगणाकडे तोंड केलं.

"लंबू, तू चोर नव्हतास."

शांत.

"माझा हात होता. माझी चूक होती. ऐकतोयस?"

शांत. अर्धा तास बोलले म्हणे. आयुष्यात कुणाची मागितली नाही ती माफी मागितली. रडले. पाइप हूं नाही की चूं नाही. ज्यानं बारा हिवाळे पायरीशी उभं राहून एकदाच मोजू या म्हटलं, त्याला या माणसाकडून आता फक्त मोजणी हवी होती. ती झाली होती. माफी त्याला नको होती.

शेवटी घड्याळजींना दुसरं काही सुचेना. त्यांनी हळूच विचारलं,

"लांब?"

बराच वेळ काही नाही.

मग दोन ठोके. अंगणातून नव्हे. रस्त्याच्या पार त्या टोकाकडून. जेमतेम ऐकू येतील असे.

उजाडल्यावर त्यांनी खांब उतरवला. एकेक पाइप सोडवून भिंतीशी लावून ठेवला, तारा गुंडाळल्या. मग घरी आले. थोरली रात्रभर टेबलाशीच बसून होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचाच खांब जिंकला," ती म्हणाली.

"हो."

"मग जा ना सांगायला. बाबांना सांगा. भावजींना सांगा. कोण उरलंय बघा ऐकायला." तिचा आवाज चढला नाही, घड्याळजींना त्याचीच भीती वाटली. "एका मिनिटापायी बारा वर्षं मी माझ्या बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नाही. टाकलं ते तिचं कुंकू पुसताना. जा, सांगा तिला, म्हणावं माझा खांब उंच आहे."

ती उठून त्याच सकाळी बहिणीकडे गेली. बहिणीबरोबर तिच्या लेकीकडे. परत आली नाही. घड्याळजींनी दोनदा फोन केला, मग करायचं सोडलं. दुकान चालू ठेवलं, पण काटा पुढे ठेवायची रीत मोडली. गिऱ्हाइकं तक्रार करायची, की घड्याळ मागे पडतं. ते म्हणायचे, पडू दे.

तुम्ही म्हणाल, थंडी, एकटा माणूस, मनाला लागलेलं... होतात भास. रिकामे पाइप वाजतात. मीही म्हटलं असतं.

पण त्या सकाळी बायको गेल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून घरच्या घड्याळाचं कुलूप उघडलं. काचेला धूळ दिसत होती म्हणून बोटानं पुसायला गेले. ती धूळ नव्हती. अंगठ्याचा ठसा होता. रुंद, पांढरा, सफेद्याचा. मग त्यांनी पेट्रोलनं पुसला, स्पिरिटनं पुसला, पात्यानं खरवडला. दार उघडायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

ते घड्याळ त्यांनी मरायच्या आधी मला दिलं. ते बघा, त्या फळीवर, रेडिओच्या शेजारी. सकाळी मोजताना वेळ त्याचीच धरा, बरोबर आहे ते. तू टॉर्च घेऊन कशाला चाललास? बघ, बघ. फक्त काच पुसू नकोस.

बाहेरून निघत नाही तो. आतून आहे.